धुक्याची पाळी

जाळी
*खोलीतली हवा वेडीवाकडी असते. बोगद्याच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी बसवलेली असते. तिच्यातून गेली की हवा सरळ होते.*

बोगद्यात वारा कायम एकाच बाजूने येतो. उत्तरेचा पाहिजे असो की पूर्वेचा, वाऱ्याला कुणी वळवत नाही. गाव वळवतात.

गाव म्हणजे एक गोल लाकडी तबक. माणूस हातपाय पसरून झोपला तर मावेल एवढं. त्यावर तांबेझरीचं वीजकेंद्र, त्याचे दोन मनोरे, कर्मचाऱ्यांची वसाहत, राज्यमार्गाचं वळण, नाला आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना मोकळी मैदानं. प्रणाली भोयरने कळ फिरवली की तबकाखालची मोटर करकरायची आणि अख्खं तांबेझरी गोल फिरून वाऱ्याला हवी ती कूस द्यायचं.

कागदोपत्री या जागेचं नाव वातविवर. सगळे म्हणायचे बोगदा.

केंद्रात पूर्वी कोळसा जळायचा. कोळसा गेला, त्या जागी छोट्या अणुभट्ट्या आल्या. मनोरे मात्र राहिले, कारण भट्टी कशाचीही असो, वीज काढून उरलेली उष्णता कुठेतरी सोडावीच लागते. मनोऱ्याच्या पोटात गरम पाणी पावसासारखं खाली पडतं, खालून शिरलेली हवा त्याची ऊब घेऊन वर चढते आणि तोंडातून बाहेर पडते. लांबून लोक त्याला धूर म्हणतात. ती वाफ असते.

या वाफेचं काय होतं ते तबकावर पाहायचं, तर हवेला फसवावं लागतं. वीतभर मनोऱ्याभोवती हवा काकवीसारखी चिकट वागते. खऱ्या, आभाळाला टेकलेल्या मनोऱ्याभोवती ती तशी वागत नाही. म्हणून छोट्या मनोऱ्याच्या अंगावर खरखरीत पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे हवेला तो मोठा वाटतो. वाफेऐवजी हेलियम मिसळलेला धूर सोडायचा, कारण खरी वाफ भोवतालच्या हवेपेक्षा जितकी हलकी, त्याच मापात हाही हलका हवा. मग हिरव्या लेझरचा पातळ पडदा त्यावर टाकला की कापलेल्या फळासारखा तो लोट आतून दिसतो.

प्रणालीला हे बघायचा कंटाळा कधी आला नव्हता.

उन्हाळ्यात लोट सरळ वर जाऊन विरून जातो. जानेवारीच्या सकाळी तसं होत नाही. जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला, वारा अगदी मंद, आणि मनोऱ्याच्या पाठीमागे हवेची एक पोकळी, जी लोटाला खाली ओढते. खाली आलेली वाफ धुकं होऊन बसते आणि दुपार कलेपर्यंत उठत नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी असंच धुकं राज्यमार्गाच्या वळणावर बसलं होतं. एक बस आणि उसाची ट्रॉली एकमेकांना दिसली नाहीत.

त्यानंतर मनोऱ्यांच्या ओठांवर पाकळ्या बसवल्या. पोलादी, हलत्या. एखादी उघडायची, एखादी मिटायची, आणि लोटाला बाहेर पडतानाच थोडं झुकवायचं. किती झुकवायचं ते बोगदा सांगणार. खरा वारा मोजायचा, तबक तसं फिरवायचं, धूर सोडून बघायचं, आणि मिळालेलं उत्तर मनोऱ्याला कळवायचं. हे सगळं करणाऱ्या प्रणालीचं नाव बोगद्यातल्या लोकांनी माळी ठेवलं, कारण ती पाकळ्या उघडायची. ती म्हणजे संगणकप्रणाली. दोघींचं नाव एकच, या चेष्टेने प्रणाली भोयर वैतागायची.

माळी आल्यापासून त्या वळणावर कुणी दगावलं नव्हतं.

निमुळता भाग
*इथे बोगदा अरुंद होत जातो. तीच हवा कमी जागेतून जायची, म्हणून ती धावते.*

फोन. सकाळ. ममताताई.

"पनू, तुह्या मनोऱ्याले काय झालं व?"

"काय झालं?"

"रोज सकाळी माह्याच सातऱ्यावर येऊन बसून राहिला."

सातरा म्हणजे मिरचीचं मैदान. नाल्याकाठची ती जमीन ममताने या दिवाळीनंतर पहिल्यांदाच भाड्याने घेतली होती. ओल्या लाल मिरचीचे थर पसरायचे, ऊन द्यायचं, वळवायचे, आणि गावातल्या बाया ओळीने बसून देठ खुडायच्या. होळीपर्यंत ते मैदान विमानातूनही लाल दिसत असेल.

"किती दिवस झाले?"

"महिना होत आला. मिरचीवर पांढरे डाग पडून राहिले. वास मारते. व्यापारी हातात घेते आन् खाली ठेवते. बाया म्हणतात ममताबाई, देठ नाही, बुरशी खुडून राहिलो."

"आधी का नाही सांगितलंस?"

"आधी वाटलं, धुकं हाय. धुक्याले कोण विचारते, काहून आलं म्हणून? मंग वसाहतीतला डायवर म्हणाला, ते तं वळवतात. तुमची बहीणच वळवते."

प्रणालीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पनू."

"ऐकतेय."

"तू वळवते?"

"मी नाही. माळी."

"माळ्याले कोण सांगते?"

दालन
*बोगद्याची छाती. काचेची भिंत. इथे तबक असतं, इथेच सगळं दिसतं.*

ममता दुसऱ्याच दिवशी आली. निळा पंजाबी ड्रेस, पायात कापडी बूट, ओढणीला मिरचीचा तिखट वास. पाहुण्यांसाठीची पांढरी टोपी तिने डोक्यावर न घालता काखेत धरली. काचेला नाक लावून तिने तबक पाहिलं.

"हे वळण. हा नाला. बाप्पा, हे तं हुबेहूब हाय. हे तुमचे क्वार्टर. यात माय कोणत्या खिडकीत बसली?"

"एवढं बारीक नाही करत."

दोघींची आई प्रणालीजवळ वसाहतीत राहायची. तिला दमा होता आणि वसाहतीला लागून दवाखाना होता, म्हणून.

"माहा सातरा कुठी हाय?"

प्रणालीने काचेचं दार सरकवून बोट ठेवलं. "हा. नाल्याच्या अलीकडे."

"इथी तं नुसती फळी हाय."

"नकाशात मोकळं मैदान आहे, ताई. वरून फोटो घेतात ते पाऊस संपल्या संपल्या. तेव्हा हवा स्वच्छ असते. त्या वेळी तिथे गवत असतं."

"आन् हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात तू असतेस."

"मंग?"

तो नकाशा प्रणालीने स्वतः तपासला होता. तिला चूक दिसली नव्हती. ऑक्टोबरात तिथे खरोखरच गवत होतं. मोकळी जागा दिसली की माळी तिकडे पाकळ्या झुकवायचा, आणि ते त्याचं बरोबरच होतं.

ममताने ड्रेसच्या खिशातून मूठ काढली. सातऱ्यावर वावरणाऱ्या बाईच्या खिशात असणारच ते निघालं, चुरलेली मिरची आणि पिवळं बी. तिने ते फळीवर, नाल्याच्या अलीकडे, रांगोळी घालावी तसं नीट पसरलं.

"आता दाखव."

"ताई, हे असं चालत नाही."

"दाखव व."

प्रणालीने दार लावलं आणि पंखा सुरू केला. हिरव्या पडद्यात धूर मनोऱ्यातून निघाला, वाकला, खाली बसला, थेट मिरचीच्या बियांवर. दोघी बहिणी काचेला चिकटून उभ्या होत्या. मग बी उडालं. तांबेझरीच्या बोगद्यातली हवा पुढे पंख्यातून जाऊन त्याच इमारतीत सुटायची. आधी कुणीतरी खोकलं. मग दुसरं. मग पलीकडच्या खोलीतून डोळे पुसत, शिंकत, प्रमुख देवस्थळे सर बाहेर आले. पुण्याहून येऊन त्यांना वर्ष-दीड वर्ष झालं असेल, पण विदर्भाचं तिखट त्यांना अजून मानवलं नव्हतं.

"हे... काय आहे?"

"माहा सातरा हाय, साहेब," ममता म्हणाली. "तुमच्या नकाशात नव्हता. म्हणून आणून दिला."

दालन, पुन्हा
*एक चाचणी कधीच पुरत नाही. तबक थोडं फिरवून तीच पुन्हा घ्यायची असते.*

सर भले होते. नाक पुसून झाल्यावर म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. नोंद करा. तिथे माणसं आहेत."

प्रणालीने नोंद केली. दुसऱ्या सकाळी सातऱ्यावर ऊन पडलं. ममताने फोटो पाठवला, लालभडक मैदान आणि ओळीने बसलेल्या बाया, कुणीतरी हात वर केलेला. त्या संध्याकाळी आईने शिरा केला.

चार-सहा दिवस गेले असतील. फोन. ममताताई.

"पनू, तू ते धुकं भट्टीवर टाकलं?"

नाल्याच्या पलीकडे वीटभट्ट्या. तिथेही माणसं दिवाळीनंतरच येतात, बिऱ्हाड पाठीवर घेऊन. ऑक्टोबराच्या फोटोत तिथेही गवत होतं.

"तूच म्हणालीस, काढ इथून."

"काढ म्हणलं. दुसऱ्याच्या डोक्यावर टाक म्हणलं?"

"मग कुठे टाकू?"

"मले काय माहीत. शिकलेली तू."

"ताई, ते हवेत ठेवता येत नाही."

"देवकी आली होती. भट्टीवरची. माह्याकडून मिरची नेते ती. म्हणे, कच्च्या विटा वाळतच नाहीत, हात लावला तं गारा होते. पोरं खोकतात. म्हणे, ममताबाई, तुमच्याकडे कसं काय ऊन आलं एकाएकी? मी म्हणलं, देवाची करणी. खोटं बोलली मी तिच्याशी. आता ते ऊन पाठीले टोचून राहिलं."

प्रणाली तबकासमोर बसली. पाकळ्या लोटाला हवं तिकडे नेऊ शकत नाहीत. जानेवारीच्या वाऱ्यात त्यांच्या हाती पंख्याच्या आकाराचा एक तुकडा असतो, तेवढाच. त्या तुकड्यात चार जागा येतात. वळण. सातरा. भट्टी. वसाहत.

वळण नाही. ते कुणीच म्हणणार नाही.

वसाहत माळ्याने कधी विचारातच घेतली नव्हती. तिच्यावर पहिल्या दिवसापासून मनाईची लाल रेघ होती. कुणी मारली, देवस्थळ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मी आलो तेव्हा होतीच." त्यात कुणाचं कपट नव्हतं. ज्यांनी माळी बसवला ते वसाहतीत राहत होते. स्वतःच्या घरावर धुकं सोडून बघावं, हे त्यांना सुचलंच नसेल.

तिने ममताला परत फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. पलीकडे बायांचं बोलणं, कुठेतरी रेडिओ.

"बाबा काय करत?" ममताने विचारलं.

दोघींचे बाबा गावच्या तलावाचं पाणी सोडायचे. धानाला पाणी पाळीनेच मिळायचं. आज वरच्या आळीला, उद्या खालच्या. आणि तोटी उघडल्यावर पहिलं जे पाणी येतं, गाळाचं, शेवाळाचं, मेलेल्या माशांचं, ते पाणी सोडणाऱ्याने आपल्या बांधीत घ्यायचं, अशी गावची रीत होती. धानाच्या त्या एवढ्याशा तुकड्यात बाबा दर वर्षी गाळ उपसत बसायचे.

"पाळी लाव," ममता म्हणाली. "आम्ही, भट्टी, तुम्ही. आदल्या दिवशी सांगजो. मी ताडपत्री टाकीन, ते विटा झाकतील. माहीत असलं तं अर्धं नुकसान तिथीच वाचते. आन् पहिली पाळी..."

ती बोलता बोलता थांबली. प्रणालीलाही कळलं ती का थांबली. पहिली पाळी सोडणाऱ्याची. सोडणाऱ्याच्या घरात खिडकीशी त्यांची आई बसलेली होती.

"राहू दे," ममता म्हणाली. "मी काही म्हणलं नाही."

रुंदावणारा भाग
*दालनातून निघाल्यावर बोगदा हळूहळू रुंद होतो. हवेचा वेग उतरतो. घाई केली तर ती भिंतीपासून सुटते आणि सगळं थरथरायला लागतं.*

आई ताटात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. प्रणाली तिच्यासमोर खाली बसली. काही न सांगता तीही वेचायला लागली.

"तांदळात इतकं काय पाहून राहिली?" आई म्हणाली. "बोल."

तिने सांगितलं. मधलं काहीच गाळलं नाही. फोटो, गवत, देवकी, लाल रेघ.

"म्हणजे आता रोज ठरवाचं, कोणाच्या अंगावर?"

"रोज नाही. थंडी आहे तोवर."

"आन् ठरवाचं तू."

"यंत्राने ठरवायचं, माय. मी त्याला काय मोजायचं ते सांगते."

"तेच म्हणते मी."

आईने एक खडा काढून जमिनीवर ठेवला. "तुह्या बापाले मी लय बोललेली हाय. पूर्ण तलावाचा गाळ माह्याच बांधीत काहून, म्हणून. धान नीट व्हायचंच नाही तिथं. पण एक होतं. आमच्या दारात भांडाले कोणी आलं नाही. अख्ख्या गावात मारामाऱ्या व्हायच्या पाण्यावरून, आन् आमच्या ओसरीवर येऊन मात्र चहा प्यायचे."

"तुझा दमा आहे."

"मले माहीत हाय, दमा हाय."

"दवाखान्यात जावं लागलं तर?"

"दवाखाना कुठी हाय?" आईने हनुवटीने खिडकीबाहेर दाखवलं. रस्त्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, पांढरी इमारत. "भट्टीवरच्या पोराले कुठी हाय?"

आई ताट हलवून तांदूळ सारखे करत राहिली.

"मी काही मोठ्या मनाची नाही," ती थोड्या वेळाने म्हणाली. "मले भीती वाटते. श्वास लागला का पाण्यात बुडल्यासारखं होते. पंप हातापाशी ठेवजो. आन् त्या दिवशी घरी राह्यजो, नोकरी गेली खड्ड्यात."

दुसऱ्या दिवशी बोगद्यात देवस्थळे सरांनी लाल रेघेकडे बराच वेळ पाहिलं.

"वसाहतीतले लोक मला कच्चा खातील."

"तुमचं घर कोणत्या रांगेत, सर?"

"पहिल्या." ते हसले नाहीत. "प्रणाली, एक लक्षात येतंय का तुमच्या? धुकं वाऱ्याचं होतं तोवर कुणाला जाब विचारायची सोय नव्हती. माळ्याने ते हाती घेतलं तेव्हा ते त्याचं झालं, पण यंत्राशी कोण भांडणार? तुम्ही आदल्या दिवशी गावाला कळवायला लागलात की ते तुमचं होईल. प्रत्येक सकाळ. कुणाची तरी वरात असेल, कुणाची परीक्षा. ते तुमच्या दारात येतील."

"येऊ देत."

"झेपेल?"

तिला माहीत नव्हतं. तिने तसंच सांगितलं.

सरांनी आपल्या नावाने मंजुरी टाकली, या हिवाळ्यापुरती. मग रुमाल काढून शिंकले. मिरची त्यांच्या खोलीतून अजून पुरती गेली नव्हती.

पंखा
*पंखा शेवटी असतो. नवख्यांना वाटतं तो हवा ढकलतो. तो ओढतो.*

संध्याकाळी फोनवर निरोप गेला, सातऱ्यावर, भट्टीवर, वसाहतीत, दवाखान्यात. *उद्या सकाळची धुक्याची पाळी वसाहतीची. दुचाकी जपून. दम्याच्या रुग्णांनी घरात राहावं.* खाली नाव, प्रणाली भोयर. नाव टाकायचं की नाही यावर तिचा बराच वेळ गेला होता.

वसाहतीतून लगेच फोन सुरू झाले. शेजारच्या नंदनवारवहिनींनी फोन न करता दारात येऊन विचारलं.

"आमच्यावरच का?"

"पाळी आहे, वहिनी. परवा सातऱ्याची."

"आत्तापर्यंत कुठे होती पाळी?"

"आत्तापर्यंत त्यांचीच होती."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना पटलं नव्हतं. पण त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि जाताना म्हणाल्या, "काकूंना काही लागलं तर भिंतीवर ठोका."

बाहेर
*बोगद्याच्या बाहेर पुन्हा खोली असते. हवा पुन्हा वेडीवाकडी.*

प्रणालीने हजारदा पाहिलेला लोट हिरवा होता, पातळ, कडेने रेखीव. त्याला सुरुवात होती, वाकणं होतं, बसणं होतं.

सकाळी गॅलरीत जे आलं त्याला यातलं काहीच नव्हतं. आधी मनोरे गेले. मग दवाखाना. मग समोरच्या गॅलरीचा कठडा. कुठून येतंय ते कळत नव्हतं, कारण ते सगळीकडून येत होतं. चष्म्यावर बारीक ओल बसली. तिने हात पुढे केला तर बोटं दिसली, पण खालचा रस्ता दिसेना. कुठेतरी एक सायकलची घंटा सावकाश, सतत वाजत गेली.

आत आईने एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. मध्ये शिट्टी होती. प्रणाली आत धावली.

आई पलंगावर सरळ बसलेली होती, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. तिने पंप ओढला, डोळे मिटले, थांबली. प्रणालीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पाठ वर-खाली होताना मोजायचं टाळलं. भिंतीवर ठोकायला तिने मूठ वळली होती. आईने डोळे न उघडता ती मूठ धरून खाली केली. हळूहळू शिट्टी बारीक झाली.

फोन वाजला.

"पनू," ममता म्हणाली, "इथी ऊन पडलं. भट्टीवरही पडलं, देवकीनं हात दाखवला तिकडून." मग आवाज उतरला. "माय कशी हाय?"

"बसली आहे. पंप घेतला."

"दे तिले."

आईने फोन हातात घेतला नाही. तिने खिडकीकडे मान वळवली. काचेवर पांढरं दाट होतं, पलीकडे जग नव्हतंच.

"लयच हाय व हे," ती म्हणाली. श्वास अजून तुटत होता. "आज सोडलं कोणी एवढं?"

"मी," प्रणाली म्हणाली. "मी सोडलं, माय."

आईने मान हलवली. पाणी कुठल्या बांधीत गेलं, हे ऐकून घेतल्यासारखी.

"मंग दोरीवरचे कपडे तं आधी काढाचे होते," ती म्हणाली. "चालली सोडाले."